न बोललेले प्रेम कसे लिहावे: युद्धकाळातील अ‍ॅनिमे पात्रांच्या कथेसाठी

आवडत्या अ‍ॅनिमेतील (जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेतील किंवा चित्रपटातील) दोन पात्रांवर फॅनफिक्शन, म्हणजे चाहत्याने रचलेली कथा, लिहायला बसणारे बहुतेक जण आधी शेवट ठरवतात: कोण मरणार आणि मागे उरलेले पात्र किती रडणार. माझ्या मते सुरुवात दुसऱ्या टोकाने करावी. ही दोघे एकमेकांशी मनातले बोलत का नाहीत, याचे उत्तर एका वाक्यात लिहून काढल्याशिवाय कथेचा पहिला परिच्छेदही लिहू नये. ‘लाजाळू आहेत’ हे उत्तर पुरत नाही, कारण लाज चार भेटींत ओसरते आणि मग ही माणसे आता कशासाठी थांबली आहेत, असे वाचक विचारू लागतो. मौन वर्षानुवर्षे टिकायचे असेल तर त्याच्यामागे हुद्दा, शपथ, आधीच झालेले लग्न किंवा हातून घडलेले पाप असे काहीतरी बळकट कारण हवे.

‘फुलमेटल अल्केमिस्ट’ या अ‍ॅनिमे मालिकेतील रॉय मस्टँग आणि रिझा हॉकाय यांच्याकडे या दृष्टीने पाहावे. तो कर्नल, ती त्याच्या हाताखालची लेफ्टनंट; पण त्यांना गप्प ठेवणारे खरे कारण हुद्द्याच्या पलीकडचे आहे. त्यांच्या सैन्याने इश्वाल या प्रदेशात केलेल्या संहारात दोघांचेही हात रक्ताने माखलेले आहेत. ज्या अग्निविद्येने त्याने माणसे जाळली, तिचे रहस्य तिच्या वडिलांनी तिच्याच पाठीवर गोंदवले होते, आणि युद्धानंतर ते जाळून टाकण्याची विनंती ती त्यालाच करते. पुढे तो आपली पाठ राखण्याचे काम तिच्यावर सोपवतो आणि आपण वाट चुकलो तर याच पाठीवर गोळी झाडण्याची मुभाही देतो. अशा व्यवहारानंतर प्रेमाची उघड कबुली फिकीच पडली असती. आपण सुखाला पात्र नाही अशी ज्यांची धारणा आहे, त्यांच्या मौनाला निराळे कारण जोडावे लागत नाही. शिवाय सैनिक असलेल्या नायकाचे प्रेम रंगवताना त्याच्या बंदुकीसमोर उभी असलेली माणसे कथेतून पुसली जाण्याचा धोकाही अशा मांडणीत टळतो.

कथा काल्पनिक राज्यात न घडता दुसऱ्या महायुद्धातील जपानमध्ये घडत असेल, तर त्या काळाने न बोलण्याची बरीच साधने तयारच ठेवलेली आहेत. ती नीट अभ्यासून वापरावीत. सैन्यभरतीचा हुकूम ‘अकागामी’ म्हणजे लाल कागद म्हणून ओळखला जाई. गावच्या कचेरीतील माणूस तो हातोहात आणून देई आणि वर अभिनंदन करी, त्यामुळे घरच्यांना दारात उभे राहून आभारच मानावे लागत. आघाडीवरून येणारी पत्रे तपासणीतून येत, ठिकाणाचा उल्लेख करता येत नसे, आणि आपले पत्र आधी कोणी परका वाचणार हे ठाऊक असलेला माणूस हवामानाविषयी आणि प्रकृतीविषयीच लिहितो. ‘सेन्निनबारी’ हा तर कथाकाराला मिळालेला खजिनाच आहे. सुमारे मीटरभर लांबीच्या पांढऱ्या पट्ट्यावर हजार स्त्रियांनी लाल दोऱ्याची एकेक गाठ घालायची आणि तो पट्टा सैनिकाने पोटाला बांधायचा, अशी ती रीत होती. बारा प्राण्यांच्या वर्षचक्रातील वाघाच्या वर्षी जन्मलेल्या स्त्रीला मात्र आपल्या वयाइतक्या गाठी घालता येत. काही पट्ट्यांत पाच सेनचे (सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग) नाणेही शिवले जाई, कारण ‘चार सेन’ या उच्चाराचा ‘मरणाची सीमा’ असाही अर्थ होतो आणि पाच म्हणजे ती सीमा ओलांडणे. जिला नाते सांगता येत नाही अशी मुलगी रस्त्यात उभ्या असलेल्या त्याच्या आईजवळ थांबते आणि हजारांतली एक म्हणून गाठ घालून पुढे जाते, एवढ्या प्रसंगात अख्खे प्रकरण बसू शकते. ती वाघाच्या वर्षातली आहे की नाही हे मात्र जन्मसाल मोजून ठरवावे: 1926 हे वाघाचे वर्ष, 1925 नव्हे.

मराठीत लिहिताना संबोधनांकडे विशेष लक्ष द्यावे. जपानीत आडनावाला ‘सान’ जोडून हाक मारणारा माणूस जेव्हा नुसते नाव घेतो, तेव्हा तीच जवळजवळ कबुली असते. आपल्याकडे हे काम ‘तुम्ही’ आणि ‘तू’ करू शकतात, परंतु हा बदल संपूर्ण कथेत एकदाच, तोही दोघांपैकी एकानेच करावा आणि दुसऱ्याने तो ऐकला की नाही हे उघड करू नये. निरोपाच्या बाबतीत तर मराठी लेखक भाग्यवान आहे. जपानीतील ‘इत्तेकिमास’चा शब्दशः अर्थ ‘जाऊन येतो’ असाच आहे आणि घरात थांबलेल्याने द्यायचे उत्तर ‘जाऊन या’ या अर्थाचे आहे. हे दोन शब्द रोजच्या रोज, कामावर जाताना, दहा वेळा वापरून ठेवावेत. अकराव्या वेळी तो नेहमीप्रमाणे म्हणतो आणि तिच्याकडून उत्तर येत नाही, किंवा ती उत्तर देते तेव्हा तो कोपऱ्यावरून वळलेला असतो. तिथे पाऊस पाडू नये. माझ्या पहिल्या तीन कथांत मी पाडला होता.

एकमेकांना काही द्यायचे असेल, तर शोभेच्या वस्तूपेक्षा कामात वापरली जाणारी गोष्ट निवडावी. जपानमधील कुरे या बंदरातील नौदलाच्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. युद्धाच्या उत्तरार्धात शाळकरी मुलींनाही कारखान्यांत कामाला जुंपले होते. समजा, ती तयार सुटे भाग मापून शिक्का मारते आणि तो लेथवर ते भाग घडवतो. प्रत्येक कामगार आपल्या ट्रेवर खडूने आपला क्रमांक लिहितो. सतरा क्रमांकाचा ट्रे ती सगळ्यांत आधी हाती घेते, आणि त्या ट्रेमध्ये सदोष भाग कधीच नसतो, कारण तो घरी जाण्यापूर्वी सगळे भाग पुन्हा तपासतो. दोघांत संवाद होतो तो फक्त मापांचा. यात ‘प्रेम’ हा शब्द कुठेही लिहू नये, निवेदकानेही नाही.

वियोग लिहिताना तीन सापळे टाळावेत. युद्ध संपल्यावर काय काय करू हे सांगणारे पात्र मरणार, हे अ‍ॅनिमे पाहणारे लगेच ओळखतात आणि त्याला ‘डेथ फ्लॅग’ म्हणतात. दुसरा सापळा कबरीसमोरच्या लांबलचक स्वगताचा. तिसरा मृत्यूनंतर सापडणाऱ्या रोजनिशीचा, आणि तो सर्वांत घातक आहे, कारण जे न बोलता राहिले म्हणून कथा उभी राहिली, तेच तिथे उशिरा का होईना बोलून टाकले जाते. पत्र सापडायचेच असेल, तर त्यात हवामान आणि प्रकृतीच असू द्यावी.

प्रत्यक्ष इतिहास याहून कठोर आहे. मुख्य बेटांबाहेर, म्हणजे परदेशात तसेच ओकिनावा आणि इवो जिमा येथे, मरण पावलेल्या सुमारे 24 लाख जपान्यांपैकी 11 लाखांहून अधिक जणांचे अवशेष अद्याप परत आलेले नाहीत. पांढऱ्या कापडात गुंडाळलेली लाकडी पेटी घरी येई, आणि तिच्यात कित्येकदा एखादा दगड किंवा नाव लिहिलेला कागद असे. ती पेटी कुटुंबाला मिळे. जिचे नाते कुठल्याच कागदावर नव्हते, तिच्याकडे पेटीही येत नसे आणि तिला उघडपणे शोकही करता येत नसे. दुसरीकडे, जपानच्या माइझुरू बंदरात परदेशातून परतणाऱ्यांची जहाजे 1958 पर्यंत येत राहिली, त्यामुळे वाट पाहणे हा वेडेपणा ठरत नव्हता. शोक करता येत नाही आणि आशाही सोडता येत नाही, या दोन्हींच्या मध्ये पात्राला उभे करावे आणि तिथेच बरीच पाने राहू द्यावे.

जिवंत माणसाचा वियोगही लिहिता येतो. ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ या 2016 च्या चित्रपटात सुझू आणि तिचा बालमित्र तेत्सु यांचे असेच आहे. युद्ध संपल्यावर तो बंदरात, आपल्या बुडालेल्या ‘आओबा’ या युद्धनौकेकडे पाहत उभा असलेला तिला दिसतो, आणि ती हाक न मारता पुढे निघून जाते. तो वाचलेला आहे. गेले ते दुसरेच काहीतरी.

पहिला खर्डा झाल्यावर शेवटचा परिच्छेद झाकून कथा वाचावी. बहुतेक वेळा कथा त्याच्या आधीच संपलेली असते, आणि झाकलेल्या परिच्छेदात लेखक स्वतःचेच दुःख समजावून सांगत असतो. कारखान्याच्या गोष्टीत मी तो परिच्छेद काढून टाकला. त्यात तिला त्याच्या मृत्यूची बातमी कळत होती. आता असे होते, की लाल कागद आल्यावर तो जातो, पंधरा दिवसांनी सतरा क्रमांक एका नव्या मुलाला दिला जातो, आणि खडूचे ते वळण वेगळे आहे हे दिसत असूनही ती सकाळी आधी तोच ट्रे ओढते. पहिलाच भाग मापात बसत नाही. ती तो बाजूला ठेवते आणि दुसरा उचलते.