'गाडी आपोआप पळाली': भांडण्याआधी काय बघायचं

परभणीत वसमत रोडला माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. वर्षातून तीन-चारदा तरी कुणीतरी येऊन सांगतं, "मिस्त्री, मी ब्रेकच दाबला होता, गाडी आपोआप पळाली." मागे उभा असलेला मुलगा नाहीतर जावई मला डोळ्यानं खुणावतो, यांचं ऐकू नका म्हणून. एकजण गाडीला दोष देतो, दुसरा माणसाला, आणि गाडीखाली वाकून कुणीच बघत नाही.

मागच्या दसऱ्याला गंगाखेडकडच्या एका निवृत्त गुरुजींच्या घरून फोन आला. नवी ऑटोमॅटिक गाडी, चाकांखाली लिंबं, पूजा झालेली. पूजेचं म्हणून गुरुजी अनवाणी बसले होते. सून ओवाळून ताट घेऊन बाजूला झाली आणि गाडीनं जी उडी मारली, ती गोठ्याची भिंत पाडूनच थांबली. माणसं वाचली, बैलही वाचला. मी पोचलो तेव्हा बापलेकात बोलणं बंद होतं.

मी बघितलं तर गाडी मागं ओढून ठेवलेली. सीट मुलानं स्वतःच्या मापाची करून घेतलेली, मॅट झटकून पुन्हा टाकलेली. अर्धा पुरावा तिथंच गेला. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो. माणसं सुखरूप बाहेर काढा, गाडी बंद करा, आणि मग आत काही हलवू नका. दारातून मोबाईलवर फोटो काढा: सीट कुठं आहे, गिअरचा दांडा कशावर आहे, पेडलखाली काय पडलंय. चालवणाऱ्याच्या चपलेचा तळवाही फोटोत घ्या. बॅटरीची वायर काढायची घाई करू नका. धूर किंवा वास येत असेल तर मात्र लगेच काढा. पंचनामा आणि विम्याचा सर्व्हेअर होईपर्यंत गाडी धुवायची नाही.

मग पेडलजवळ टॉर्च मारून बघा. माझ्याकडं आलेल्या गाड्यांत सगळ्यात जास्त वेळा सापडलेली वस्तू म्हणजे पाण्याची बाटली. ती सीटखालून घरंगळत येते, ब्रेकच्या पेडलखाली आडवी होते आणि ब्रेक खाली जातच नाही. दुसरी वस्तू मॅट. कंपनीच्या मॅटवर बाजारातली जाड मॅट टाकतात, हुकात अडकवत नाहीत, ती पुढं सरकते आणि रेस, म्हणजे अॅक्सिलरेटर, दाबलेलीच राहते. हे साधं वाटतं, पण २००९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत सॅन दिएगोजवळ टोयोटाच्या लेक्सस गाडीत एकाच वेळी चार माणसं गेली, ती दुसऱ्या मॉडेलची मॅट पेडलात अडकल्यामुळं. त्यानंतर टोयोटाला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. काही गाड्यांत पेडलच हळू परत येत होतं, तेही निघालं. ग्राहकांना खरं सांगितलं नाही म्हणून २०१४ मध्ये कंपनीनं १२० कोटी डॉलर भरले. त्यामुळं "गाडीचा दोष असूच शकत नाही" असं म्हणणाऱ्याचं मी ऐकत नाही.

पण उलटंही आहे. त्याच प्रकरणात तिथल्या सरकारनं अपघातातल्या ५८ गाड्यांनी स्वतःच ठेवलेली धडकेआधीची नोंद काढून बघितली, तर ३५ गाड्यांत ब्रेक दाबलाच गेला नव्हता. नासाच्या इंजिनिअरांनी इलेक्ट्रॉनिक्स तपासलं, आणि २०११ च्या अहवालात त्यांना त्यात कारण सापडलं नाही. पुढं २०१३ मध्ये ओक्लाहोमाच्या ज्युरीनं एका खटल्यात सॉफ्टवेअरचा दोष धरून कंपनीविरुद्ध निकाल दिला. म्हणजे गाडीगणिक उत्तर वेगळं. त्याआधी ऑडीचं असंच झालं होतं. १९८६ मध्ये टीव्हीवर कार्यक्रम झाला, विक्री कोसळली, आणि १९८९ च्या सरकारी अहवालात मुख्य कारण निघालं चुकीचं पेडल. पेडलची ठेवण आणि अचानक वाढणारी आयडलिंग (रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) यांनी त्या चुकीला हातभार लावला, हेही त्यात आहे.

आता चुकीचं पेडल म्हणजे काय, हे घरच्यांनी नीट समजून घ्यावं. माणूस ब्रेक समजून पाय टाकतो, तो रेसवर पडतो. गाडी उडी मारते. डोकं सांगतं, ब्रेक लागंना, अजून जोरात दाब. तो अजून जोरात दाबतो. अपघातानंतर तो शपथेवर सांगतो की मी ब्रेक दाबला, आणि त्याच्या परीनं ते खरंच असतं. त्याला खोटारडा म्हणू नका, भलेभले ड्रायव्हर यात फसलेत.

गुरुजींच्या बाबतीत उत्तर सापडलं ते नातवाच्या मोबाईलमध्ये. त्यानं पूजेचा व्हिडिओ मागून काढला होता. लिंबं फुटली, गाडी सुटली, भिंतीपर्यंत गेली, आणि मागचा एकही लाल दिवा पेटला नाही. दिवेच गेलेत का म्हणून मी पेडल दाबून बघितलं. तिन्ही पेटत होते, म्हणजे ब्रेक दाबलाच गेला नव्हता. तुमच्याकडंही असा व्हिडिओ किंवा समोरच्या दुकानाचा सीसीटीव्ही असेल तर आधी तोच बघा. शोरूममधल्या पोरानं गाडी घरी आणली होती, त्याच्या उंचीची सीट तशीच असावी. गुरुजी बुटके, ओल्या पायानं लांबून पाय टाकत होते. सीट हलवल्यामुळं हे शेवटचं मला सिद्ध करता आलं नाही.

व्हिडिओ नसेल तर गाडी बंद ठेवून रेसचं पेडल हातानं दाबा आणि सोडा. ते झटकन वर आलं पाहिजे. जुन्या गाडीत रेसची वायर असते, तिच्यात आपल्याकडची काळ्या मातीची धूळ बसून ती चिकटते. नव्या गाडीत वायर नसते, पेडलमध्ये दोन सेन्सर असतात. दोघांचं जुळलं नाही तर गाडी सहसा ताकद कमी करते आणि चूक नोंदवते, म्हणून स्कॅनर लावून घ्या. एअरबॅगच्या डब्यात धडकेआधीच्या पाचेक सेकंदांची नोंद बऱ्याच गाड्यांत राहते, ती लेखी अर्ज करून मागा.

"रेस अडकली आणि ब्रेकही गेला, पण आता दोन्ही ठीक" असं कुणी म्हणालं तर मी थांबतो. या दोन यंत्रणा वेगळ्या आहेत, आणि चांगला ब्रेक इंजिनला भारी पडतो. एक अपवाद आहे. पेट्रोल गाडीत रेस पूर्ण असताना ब्रेक पुन्हा पुन्हा मारला तर ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधली हवेची ओढ संपते आणि पेडल दगडासारखं होतं. तेव्हा ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीनं, दाबूनच धरायचा, आणि गिअर न्यूट्रल. चालत्या गाडीत किल्ली काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं.

डिझेलचं प्रकरण निराळं. जिंतूर रोडला सोयाबीन घेऊन मोंढ्याकडं निघालेला एक पिकअप असाच किंचाळत सुटला. मालक म्हणाला, पोरगा पिऊन होता. पोरगा रडत सांगत होता, किल्ली बंद केली तरी इंजिन बंद होईना. मी टर्बोचा (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) पाईप उघडला तर आतून ऑईल ओघळलं. टर्बोचं सील गेलं की इंजिन स्वतःचंच ऑईल पिऊन पळतं, किल्लीला जुमानत नाही. मागं पांढरा-निळा धूर आणि डिपस्टिकवर ऑईल कमी ही त्याची खूण. गाडी उभी असेल तर टॉप गिअर टाका, ब्रेक गच्च दाबा आणि क्लच सोडा, इंजिन गुदमरून बंद पडतं. हवेच्या तोंडावर हात लावू नका.

तो ऑईलचा पाईप मी मालकासमोर पालथा धरला. पोराची त्या महिन्याची पगाराची कापलेली रक्कम त्यानं तिथंच काढून दिली.