परदेशी फौज मुक्काम का लांबवते, हे बातम्या वाचताना कसं ओळखायचं

आमच्या ग्वाल्हेरला, लश्कर भागातल्या मराठी घरांत संध्याकाळच्या चहाबरोबर जगाचं राजकारण निघतंच, आणि कुठलाही देश दुसऱ्याच्या जमिनीवर फौज घेऊन बसला की दोन मिनिटांत निकाल लागतो, "तेलासाठी बसलेत हो, दुसरं काय". थोडं खरं असतंही, पण तेवढ्यावर थांबलं की पुढचं दिसत नाही. फौज आत शिरण्याचं कारण एक असतं आणि बाहेर न पडण्याचं बहुतेक वेळा वेगळंच, आणि ते दुसरं कारण रणांगणावर सापडत नाही, ते राजधानीत कोणाच्या तरी खुर्चीपाशी शोधावं लागतं. वादविवाद स्पर्धेच्या तयारीसाठी माझ्याकडे कॉलेजची मुलं येतात, त्यांना जी पद्धत सांगते तीच इथे लिहिते.

आधी एक वही घ्या. मोबाईलवर नको, वहीच, कारण मागची पानं उलटून बघायची आहेत. तीन रकाने करा: तारीख, कोण बोललं, आणि निघण्याची अट काय सांगितली. बाकीचं भाषण सोडून द्या, फक्त अट लिहा. काही महिन्यांत दिसेल की अट सरकतेय, आधी "अमुक पकडला की निघू", मग "सरकार स्थिर झालं की", मग "त्यांचं सैन्य तयार झालं की", आणि जी अट मोजताच येत नाही ती आली की तिथे लाल पेनाने खूण करा. ह्याचं जुनं उदाहरण इजिप्त. 1882 मध्ये ब्रिटिश फौज उतरली, त्याच ऑगस्टमध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन पार्लमेंटमध्ये म्हणाले की अनिश्चित काळ तिथे राहणं आमच्या तत्त्वात बसत नाही, पुढे निघण्याची आश्वासनं कितीतरी वेळा दिली गेली, आणि शेवटचे सैनिक सुवेझवरून निघाले ते जून 1956 मध्ये. मधे सुवेझचा कालवा होता, 1875 मध्ये घेतलेले कालव्याचे शेअर होते, इजिप्तला कर्ज दिलेले युरोपातले लोक होते, आणि स्वतः ग्लॅडस्टनकडेही इजिप्तचे कर्जरोखे होते.

दुसरी पायरी म्हणजे मूळ कारण संपलं तो दिवस शोधा आणि फौज निघाली तो दिवस शोधा, मधली वर्षं मोजा. ग्वाल्हेरकरांना ह्यासाठी लांब जायलाच नको, मान वर करा, किल्ला समोर आहे. जून 1858 मध्ये राणी लक्ष्मीबाई इथे पडल्या, इंग्रज सेनापती ह्यू रोजने शहर घेतलं, लढाई संपली. जयाजीराव शिंदे तर इंग्रजांच्याच बाजूचे होते, त्यांच्यासाठीच शहर परत घेतलं असं सांगितलं गेलं. मग किल्ला लगेच परत द्यायला हवा होता ना? दिला 1886 मध्ये, अठ्ठावीस वर्षांनी, आणि बदल्यात झाशी घेतली. मित्राच्या किल्ल्यावर अठ्ठावीस वर्षं पलटण ठेवायची ती कशासाठी, हा प्रश्न पडला की बाकीच्या जगाच्या बातम्याही नीट वाचता येतात. फौज आता बंडासाठी नव्हती, मित्र पुढेही मित्रच राहावा म्हणून होती.

आता मुख्य पायरी, ह्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. फौज पाठवणाऱ्या देशाचं निवडणुकीचं कॅलेंडर वहीत शेजारी लावा. व्हिएतनाम युद्धाचे अमेरिकन सरकारी कागद आणि टेप आता उघड आहेत म्हणून तेच घेऊ. मे 1964 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन फोनवर सांगतायत की हे लढण्याच्या लायकीचं वाटत नाही आणि बाहेरही पडता येईलसं वाटत नाही, आणि त्याच दिवशी दुसऱ्या फोनवर त्यांना धास्ती आहे की पळून जाणाऱ्या अध्यक्षावर तर महाभियोग आणतील. निवडणूक होती त्याच नोव्हेंबरात. मार्च 1965 मध्ये संरक्षण खात्यातल्या जॉन मॅकनॉटन ह्यांनी अमेरिकेच्या उद्दिष्टांची चक्क टक्केवारी लिहिली: 70 टक्के मानहानीकारक पराभव टाळणं, 20 टक्के तो प्रदेश चीनच्या हाती जाऊ न देणं, आणि 10 टक्के तिथल्या लोकांना बरं, मोकळं आयुष्य मिळावं म्हणून. भाषणांत मात्र सगळा भर त्या दहा टक्क्यांवर! हा कागद मुलांना दाखवते तेव्हा दरवेळी माझाच आवाज चढतो, कारण ह्या टक्केवारीखाली माणसं मेलीत.

जॉन्सननंतरचे अध्यक्ष निक्सन, त्यांच्या वेळी तर तारखाच बोलतात. डिसेंबर 1970 मध्ये त्यांचा सहकारी हॉल्डमन डायरीत लिहितो की सुरक्षा सल्लागार किसिंजरच्या मते 1971 मध्येच पूर्ण बाहेर पडणं चूक ठरेल, कारण मागे काही बिघडलं तर 1972 च्या निवडणुकीआधी बिघडेल, त्यापेक्षा 1972 च्या शरदात निघावं, म्हणजे वाईट परिणाम झाले तरी मतदानावर पडायला उशीर झालेला असेल. ऑगस्ट 1972 च्या टेपवर किसिंजर अशी काहीतरी व्यवस्था शोधताहेत की जी वर्ष-दोन वर्षं टिकली म्हणजे झालं. युद्ध थांबवण्याचा पॅरिसचा करार झाला 27 जानेवारी 1973 ला, निवडणूक जिंकून झाल्यावर, आणि दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडलं 30 एप्रिल 1975 ला. निक्सन आल्यानंतर वीस हजारांहून जास्त अमेरिकन सैनिक मेले, व्हिएतनामी तर त्याहून कितीतरी जास्त. म्हणून "आणखी सहा महिने" अशी बातमी आली की तिथली पुढची निवडणूक किती महिन्यांवर आहे ते आधी बघायचं.

मग बिल. पैसा कोणाच्या खिशातून जातोय आणि कोणाकडे येतोय. आपल्याकडे इंग्रज आणि शिंदे ह्यांच्या 1844 च्या तहानंतर ग्वाल्हेर कंटिंजंट नावाची फौज वाढवली, अधिकारी इंग्रज आणि खर्च शिंद्यांच्या राज्याचा, म्हणजे ठेवणाऱ्याला काढायची घाई असायचं कारणच नाही (मुरार छावणीतली तीच फौज जून 1857 मध्ये उलटली ते वेगळं). इजिप्तच्या स्वारीतही हिंदुस्थानी पलटणी नेल्या आणि खर्चाचा काही भाग हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकला. हैतीत अमेरिकन मरीन 1915 मध्ये उतरले, तह दहा वर्षांचा होता तो 1917 मध्येच आणखी दहा वर्षं वाढवला, जकातीचा पैसा कर्जफेडीकडे वळवला, 1934 मध्ये सैनिक निघाले पण हिशेबावरचा अमेरिकन ताबा 1947 पर्यंत राहिला. तेव्हा "फौज निघाली" अशी हेडलाईन आली तरी वही बंद करू नका, जकात आणि बँक कोणाच्या हातात आहे ते बघा.

जिथे फौज आहे तिथल्या सरकारकडेही बघायचं, हे लोक विसरतात. पाहुणी फौज गेली तर ज्याची गादी जाणार तो तिला जाऊ देत नाही, आणि फौज पाठवणारे पुढारीही "तेच राहा म्हणतात" असं सांगायला मोकळे. अफगाणिस्तानात सरकारी खर्चाचा साधारण तीन चतुर्थांश भाग परदेशी मदतीवर चालायचा, 15 ऑगस्ट 2021 ला तिथले अध्यक्ष अशरफ घनी देश सोडून गेले तेव्हा अमेरिकन फौज पूर्ण निघालीसुद्धा नव्हती. त्याआधीचं, सोव्हिएत पाठिंब्यावरचं नजीबुल्लांचं सरकार मात्र सोव्हिएत फौज फेब्रुवारी 1989 मध्ये गेल्यावरही टिकलं, पडलं ते 1992 मध्ये, मॉस्कोची मदत आटल्यावर. म्हणून "आम्ही गेलो की दुसऱ्या दिवशी सगळं कोसळेल" हे वाक्य जसंच्या तसं घेऊ नका, पण खोटं म्हणून उडवूनही लावू नका, मागे राहणाऱ्या दुभाष्यांचं, शिक्षिकांचं भय खरं असतं आणि त्यांचंच नाव पुढे करून मुदत वाढवली जाते.

कोणाची मुलं लढतायत हेही एका ओळीत लिहा. अमेरिकेत सक्तीची भरती 1973 मध्ये थांबली, त्यानंतर युद्ध लांबलं तरी बहुतेक घरांत कोणाला भरतीचं पत्र येत नाही, मग रस्त्यावर येणार कोण.

उलट बाजू तपासल्याशिवाय स्पर्धेत उभं राहू नका. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियात चार देशांच्या फौजा होत्या, सोव्हिएतसुद्धा, मे 1955 मध्ये करार झाला, मुदत ठरली आणि ऑक्टोबरपर्यंत सगळे निघालेही, कारण ऑस्ट्रियाने तटस्थ राहायचं कबूल केलं आणि त्यात प्रत्येकाला घरी सांगण्यासारखं काहीतरी मिळालं. एखादी फौज का निघत नाही हे कळायचं असेल तर हेच विचारा की निघाल्यावर फौज पाठवणारा नेता आपल्या लोकांना काय सांगू शकेल, आणि काहीच सांगता येणार नसेल तर मुक्काम वाढणार असं धरून चाला.

शेवटचं, पुराव्याचं. हेतू कोणाच्या मनातला असतो, तो आपण ठरवायचा नसतो. टेप, डायरी, आतला कागद असेल तर "हेतू" लिहा, नुसत्या तारखा जुळत असतील तर "संशय" लिहा आणि बोलतानाही तसंच बोला. आत्ता चालू असलेला कुठलाही एक ताबा निवडा, मागच्या दोन वर्षांतली मुदतवाढीची विधानं शोधून पहिलं पान भरा, मग त्या देशाची निवडणूक, बजेट आणि तिथल्या सरकारचा खर्च कोण उचलतं ते शेजारी मांडा, एका रविवारी होण्यासारखं काम आहे.