बाप पिल्लाला टोचतो तेव्हा

माझ्या झेब्रा फिंच या पिंजऱ्यातल्या छोट्या पक्ष्यांच्या पहिल्या वेतातली चार पिल्लं घरट्याच्या मडक्याबाहेर आली. आठवड्याभरात एकाच्या मानेमागची पिसं गेलेली दिसली, खाली लालभडक कातडी. नर त्याला मडक्याच्या तोंडाशी फिरकू देत नव्हता. मी रागाने नराला उचलून वेगळ्या पिंजऱ्यात टाकलं. संध्याकाळी पिल्लाच्या गळ्यावरची पिसं फुंकरीने बाजूला केली, तर दाण्यांनी फुगलेली असायची ती पिशवी साफ रिकामी!

टोचण्याचं कारण मडक्यात होतं: दोन नवी अंडी. मादी पुन्हा अंड्यांवर आली की बाहेरच्या पिल्लांना भरवायचं काम बरंचसं नरच करतो. पण नव्या अंड्यांजवळ त्याला कुणी नको असतं, आणि पिल्लं तर रात्री झोपायला तिथेच शिरतात. म्हणून नराला हलवू नका. पिंजऱ्याच्या मधोमध अर्ध्या इंचाची जाळी लावा, पिल्लं एका बाजूला ठेवा, दोन्हीकडच्या दांड्या जाळीला भिडवा. माझा नर जाळीतून चोच घालून भरवत होता. पिल्लांच्या बाजूला त्यांचं स्वतःचं दाणापाणी हवंच.

पिल्लं साधारण अठरा ते एकवीस दिवसांची झाली की बाहेर पडतात, पण स्वतः दाणे सोलून खायला पस्तीस दिवस तरी लागतात. काळी चोच नारिंगी होऊ लागली आणि पिल्लू खरोखर दाणा सोलतंय हे डोळ्यांनी पाहिलं, की मगच वेगळं करा. दुकानदार घाई करतो म्हणून देऊ नका, कळकळीने सांगते.

कधीकधी आईबाप घरट्यात अंथरायलाही पिल्लांची पिसं उपटतात. तेव्हा दोन-तीन इंच कापलेला काथ्या द्या. लांब धागा पायात गुंततो. मात्र पहिलं अंडं आलं की काथ्या बंद, नाहीतर अंड्यांवरच नवा थर रचतात.

पिल्लं असताना कांगणीसोबत (राळ्याचे दाणे) रोज सकाळी उकडलेलं अंडं कवचासकट कुस्करून द्या आणि दोन तासांत उरलेलं काढा. समुद्रफेस (कटलफिशचं पांढरं हाड) कायम टांगलेला असू द्या.

एका पिंजऱ्यात दोन जोड्या ठेवल्या तेव्हा माझ्याकडे सतत मारामारी झाली. जास्त जोड्या ठेवायच्याच असतील, तर पिंजरा मोठा घ्या, मडकी जोड्यांच्या दुप्पट आणि सगळी एकाच उंचीवर लावा. वरच्या मडक्यासाठीच भांडणं होतात. वर्षात दोन-तीन वेत झाले की मडकी काढून ठेवा. मादीचं अंग भरून यायला वेळ लागतो.