मराठीत प्रश्न, महाराष्ट्रातले उत्तर : सीमाभागात एआय चॅटबॉट कसा वापरावा

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडी भागातला माणूस चॅटजीपीटीला, जेमिनायला किंवा व्हॉट्सॲपमधल्या मेटा एआयला मराठीत प्रश्न विचारतो, तेव्हा विचारणारा महाराष्ट्रात राहतो असे चॅटबॉट बहुतेक वेळा परस्पर धरून चालतो. वडिलांच्या पश्चात शेतजमिनीला वारसांची नावे कशी लावावीत, असे विचारले की सातबारा, फेरफार, मंडळ अधिकारी, आपले सरकार सेवा केंद्र अशी सगळी माहिती क्रमवार आणि शुद्ध भाषेत हजर होते. पण ती घेऊन खानापूरच्या तहसील कार्यालयात गेलेल्या माणसाला त्यातले फारच थोडे कामाला येते, कारण इथली जमीन कर्नाटकाच्या ‘भूमी’ संगणक प्रणालीत आहे, उतारा आरटीसीचा मिळतो आणि दाखल्यांसाठी नाडकचेरी किंवा ‘ग्राम वन’ (इंग्रजी ‘वन’ म्हणजे एक) हे सेवा केंद्र गाठावे लागते.

यात चॅटबॉटचा काही कावा नाही. त्याला मिळालेल्या अफाट मजकुरावरून पुढे कोणते शब्द येण्याची शक्यता जास्त आहे, हे ताडून तो उत्तर जुळवतो. सरकारी कामकाजाविषयी मराठीत जे काही लिहिले गेले आहे ते बहुतेक महाराष्ट्राचे आहे आणि कर्नाटकाच्या कार्यालयांचे कामकाज कन्नडमध्ये व काही प्रमाणात इंग्रजीत चालते, त्यामुळे मराठी प्रश्न आला की त्याचा कल आपोआप कोल्हापूर-पुण्याकडे झुकतो. आज खताच्या हिशेबापासून मुलीच्या प्रवेशापर्यंत लोक त्याचा सल्ला घेत आहेत, आणि तो घेऊ नये असे मुळीच म्हणायचे नाही. मात्र सीमाभागातल्या माणसाला त्याच्याशी बोलण्याची थोडी वेगळी रीत लावून घ्यावी लागते.

त्या रीतीची सुरुवात ठिकाण सांगण्यापासून होते. प्रश्नाच्या आधी असे काही लिहावे : “मी कर्नाटक राज्यातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात राहतो. माझा प्रश्न कर्नाटकातील कायदे, कार्यालये आणि योजना यांच्यापुरता आहे. महाराष्ट्राची माहिती मिसळू नका. उत्तर सोप्या मराठीत द्या, पण कार्यालयात वापरले जाणारे कन्नड शब्द देवनागरीतही लिहून द्या. जिथे खात्री नाही तिथे तसे स्पष्ट लिहा.” यातले कन्नड शब्दांचे वाक्य वगळू नये, कारण खिडकीवर गेल्यावर तेच शब्द कानावर पडणार असतात. काही चॅटबॉटच्या सेटिंगमध्ये अशी सूचना कायमची साठवून ठेवता येते. ती सोय नसेल तर हा मजकूर मोबाइलच्या नोंदवहीत ठेवून दर वेळी चिकटवावा. बोलून प्रश्न विचारणाऱ्यांनी घरी बोलतो तशी कन्नडमिश्रित बेळगावी मराठी थोडी बाजूला ठेवावी, कारण आवाज ओळखणाऱ्या यंत्रणेला ती धड मराठी वाटत नाही आणि धड कन्नडही वाटत नाही.

उत्तर आल्यावर ते वाचण्याआधी त्यावरून एक नजर फिरवावी. त्यात सातबारा, महावितरण किंवा महाडीबीटी यांपैकी काहीही दिसले, तर गाडी निपाणीच्या पुढे महाराष्ट्रात गेली आहे असे समजावे आणि चुकीचा शब्द दाखवून प्रश्न पुन्हा विचारावा. इथली वीज हेस्कॉमची आहे, दहावी एसएसएलसीची आहे आणि बारावी पीयूसीची आहे, एवढ्या खुणा त्यासाठी पुरतात.

योजनांच्या बाबतीत ही सरमिसळ अधिक त्रासाची ठरते. कर्नाटकाची गृहलक्ष्मी योजना २०२३ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात कुटुंबप्रमुख स्त्रीला महिना २,००० रुपये ठरवले गेले. महाराष्ट्राची लाडकी बहीण योजना २०२४ मधली असून तिची रक्कम १,५०० रुपये ठेवण्यात आली आणि ती महाराष्ट्रात राहणाऱ्या स्त्रियांसाठी आहे. एकीची कागदपत्रे आणि दुसरीची रक्कम असे उत्तर चॅटबॉट बिनदिक्कत देऊ शकतो. शिवाय इकडची मुलगी लग्न होऊन गडहिंग्लज-कागलला गेली, तर दुसऱ्या राज्यात जन्मलेल्या स्त्रीसाठी पतीची कागदपत्रे ग्राह्य धरण्याची तरतूद लाडकी बहीण योजनेत केलेली आहे, म्हणजे आईसाठी जे उत्तर चूक ते लेकीसाठी बरोबर असू शकते. म्हणून “आम्हाला ही योजना मिळेल का” असे मोघम न विचारता, कोणासाठी विचारतो आहोत, ती व्यक्ती सध्या कुठे राहते, शिधापत्रिका कोणत्या राज्याची आहे, हे आधी लिहावे.

ठिकाणाची ओळ लिहिली म्हणजे सगळे मिटले, असेही नाही. काही ठिकाणी तीच ओळ आडवी येते. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या नियमांत सीमावादग्रस्त भागातून दहावी-बारावी झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ‘ई’ प्रकारची स्वतंत्र उमेदवारी आहे. “मी कर्नाटकात राहतो” एवढेच सांगितले, तर चॅटबॉट अशा विद्यार्थ्याला सरळ परराज्यातला ठरवून मोकळा होतो. तीच गोष्ट आरोग्य योजनेची : महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, आणि सीमाभागाचा स्पष्ट उल्लेख केल्याशिवाय ही बाब उत्तरात बहुधा उतरत नाही. तेव्हा महाराष्ट्राकडून काही मिळण्याजोगे असेल, तर “सीमावादग्रस्त ८६५ गावांतील मराठी भाषिकांसाठी असलेली तरतूद” असे शब्द घालून वेगळा प्रश्न विचारावा. प्रवेशाचे नियम आणि तारखा दर वर्षी बदलतात, म्हणून चॅटबॉटच्या आठवणीवर विसंबून राहू नये. त्या वर्षाची अधिकृत माहितीपुस्तिका उतरवून घ्यावी, तिची पीडीएफ त्याला द्यावी आणि “फक्त या पुस्तिकेच्या आधारे सांगा, नियमाचा क्रमांक आणि पान लिहा” अशी सूचना करावी. मग ते पान उघडून स्वतः पाहावे. कर्नाटकाची प्रवेश परीक्षा केसीईटी द्यावी की महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी, की दोन्ही, हा प्रश्न त्यानंतरच विचारण्यात अर्थ आहे.

सीमाभागात चॅटबॉटचा खरा उपयोग मात्र कन्नड कागद वाचण्यासाठी आहे, आणि तो चांगला आहे. तहसीलदार कार्यालयाची नोटीस, पंचायतीचे पत्र, वीजबिलावरचा शेरा यांचा उजेडात, सरळ धरून काढलेला फोटो दिला, की मजकुराचा आशय बऱ्यापैकी कळतो आणि त्यासाठी कोणाच्या दारात ताटकळावे लागत नाही. फक्त थेट भाषांतर मागू नये. आधी कन्नड मजकूर जसाच्या तसा ओळीने टंकून द्यायला सांगावे, नंतर प्रत्येक ओळीखाली मराठी अर्थ मागावा आणि न वाचलेल्या शब्दाच्या जागी अंदाज न करता रिकामी जागा सोडायला सांगावे. असे केले नाही, तर पुसट शब्दाच्या जागी तो शोभेल असा दुसरा शब्द बसवतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्यानंतर मूळ कागद हातात घेऊन तारीख, वेळ, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, रक्कम आणि मुदत एवढे तपासावे. कन्नड अंकांतले सहा आणि नऊ दिसायला जवळचे आहेत. झेरॉक्सवर तर ते ओळखायला माणसालाही वेळ लागतो. मराठी माध्यमातली मुलेही शाळेत कन्नड शिकतात, त्यामुळे हे अंक ताडून पाहायला घरातली आठवी-नववीची मुलगी पुरेशी असते.

आरटीसीवरचे क्षेत्र हा याहून फसवा प्रकार आहे. उताऱ्यावर २.२० असे लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर असा असतो. चॅटबॉट या आकड्याला दशांश समजला, तर तो २.२० एकर म्हणजे दोन एकर आठ गुंठे असा हिशेब करतो, आणि १२ गुंठे, म्हणजे १३,०६८ चौरस फूट जमीन कागदावरून नाहीशी होते. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावरची हेक्टर-आरची पद्धत डोक्यात घेऊन त्याने हाच आकडा दोन हेक्टर वीस आर असा वाचला, तर उलट जमीन दुपटीहून जास्त होते. भावाभावांच्या वाटणीचा किंवा खरेदीचा हिशेब करून घेताना उताऱ्याचा नुसता फोटो न देता “दोन एकर वीस गुंठे, चाळीस गुंठ्यांचा एक एकर” असे अक्षरी लिहावे आणि आलेली बेरीज कागदावर एकदा करून पाहावी. पणजोबांच्या काळातले मोडी लिपीतले कागद मात्र चॅटबॉटपुढे ठेवू नयेत. ते मोडी जाणणाऱ्या माणसाकडूनच वाचून घ्यावेत.

शेतीच्या सल्ल्यात जिल्ह्याचे नाव पुरत नाही. कणकुंबीकडचा धो-धो पाऊस आणि अथणीकडचे कोरडे रान एकाच बेळगाव जिल्ह्यात येते, तेव्हा गाव, जमिनीचा प्रकार, पाण्याची सोय आणि पिकाचे वय सांगितल्याशिवाय मिळालेला सल्ला कोणाच्याच शेताला लागू पडत नाही. औषधाचे नाव आणि प्रमाण तर फवारणीच्या डब्यावरील माहितीशी जुळवून, कर्नाटक कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रात विचारूनच ठरवावे. आजाराचेही तसेच आहे : रक्त तपासणीच्या अहवालातले शब्द समजून घ्यावेत, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून न्यावेत, पण गोळी बंद करणे, वाढवणे किंवा बदलणे हे त्याच्या सांगण्यावरून करू नये. छातीत दुखत असताना प्रश्न टंकत बसण्याऐवजी १०८ ला फोन करावा.

घरातल्या निर्णयांविषयी विचारताना चॅटबॉटच्या एका स्वभावाची आठवण ठेवावी लागते. विचारणाऱ्याच्या सुरात सूर मिसळण्याकडे त्याचा ओढा असतो. “थोरला भाऊ जमिनीच्या वाटणीत मला फसवतो आहे, मी काय करावे” असे विचारले की फसवणूक झालीच आहे असे धरून तो वकिलाच्या नोटिशीपर्यंत पोहोचतो. हाच व्यवहार दुसऱ्या, नव्या संभाषणात थोरल्या भावाच्या तोंडून लिहून पाहावा : आईवडिलांच्या दवाखान्याचा खर्च मी केला, विहिरीचे कर्ज मी फेडले, आता धाकटा सारखा वाटा मागतो आहे. तिथेही तो तितक्याच आपुलकीने थोरल्याची बाजू घेताना दिसला, तर पहिल्या उत्तराला किती वजन द्यायचे हे आपले आपल्याला कळते. त्यापेक्षा दोन्ही बाजूंची माहिती तिऱ्हाइताच्या भाषेत मांडावी आणि निकाल न मागता, चर्चेला बसण्याआधी कोणकोणते कागद व आकडे दोघांच्याही समोर असले पाहिजेत, एवढेच विचारावे. ही यादी तो खरोखर चांगली करतो. नोकरी सोडून पुण्याला जावे का, उद्यमबागेतल्या कारखान्यातली पाळी धरून ठेवावी का, अशा प्रश्नांनाही हेच लागू आहे. भाडे, प्रवास आणि घरी पाठवायचे पैसे यांचा तक्ता त्याच्याकडून करून घ्यावा आणि निर्णय ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार आहे त्यांच्याबरोबर बसून करावा.

आधार क्रमांक, पासबुक आणि सही असलेल्या कागदाचा फोटो देताना तेवढा भाग बोटाने किंवा कागदाच्या पट्टीने झाकावा, ओटीपी तर कुठेच लिहू नये. इंटरनेट केंद्राच्या संगणकावर काम केले असेल, तर उठण्यापूर्वी खात्यातून बाहेर पडावे.

शेवटी अर्ज. मजकूर आधी मराठीत करून घ्यावा, तो आपल्याला पूर्ण पटेपर्यंत दुरुस्त करावा आणि मगच कन्नड करायला सांगावे. तो कन्नड मजकूर नव्या संभाषणात टाकून, मूळ मराठी न दाखवता, त्याचा पुन्हा मराठी अर्थ मागावा; जिथे विनंतीची तक्रार झाली असेल किंवा नाव-नाते बदलले असेल ते इथे उघडे पडते. नावे आरटीसीवर किंवा आधारवर जशी आहेत तशीच, अक्षरशः, ठेवायला सांगावीत, कारण आडनावातल्या एका अक्षराच्या फरकावरून अर्ज परत येऊ शकतो. गाऱ्हाणे मांडणारा अर्ज असेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे तो संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो, त्यामुळे मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडून दोन्ही द्यावेत. काम लवकर व्हावे म्हणून कन्नड प्रत सोयीची असते, हा व्यवहार आहे.

अर्जात कायद्याचा उल्लेख करायचा असेल, तर तिथे चॅटबॉटची शेवटची कसोटी लागते. वेळेत सेवा मिळण्याच्या हक्कासाठी तो महाराष्ट्राचा २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम पुढे करण्याची शक्यता असते. आपल्याला लागू आहे तो कर्नाटकाचा २०११ चा ‘सकाल’ कायदा. या कायद्याखाली येणाऱ्या सेवेसाठी अर्ज दिला की पोचपावती मागून घ्यावी, तिच्यावरचा सकालचा क्रमांक आणि काम पूर्ण होण्याची तारीख तपासावी आणि खिडकी सोडण्याआधी पावतीचा फोटो काढावा. तारीख उलटूनही काम झाले नाही, तर अपिलाचा मसुदा चॅटबॉटकडून करून घेता येतो. अपील कोणत्या अधिकाऱ्याकडे करायचे ते मात्र प्रत्येक सेवेसाठी वेगळे असते, तेवढे नाव त्याच कार्यालयात विचारून भरावे.