घर रंगवण्याआधी घरची शेडकार्डं : तयारीची यादी

दसरा-दिवाळीला घर रंगवायचं असेल तर शेडची कार्डं, म्हणजे निवडलेले रंग लावून घरीच केलेले पुठ्ठ्याचे नमुने, श्रावणातच करून ठेवा. गणपती उठले की पेंटर मिळेनासे होतात, आणि जे मिळतात ते पहिल्याच दिवशी "शेड सांगा, डबा आणतो" म्हणत दारात उभे राहतात. मधे पितृपक्ष येतो. त्या पंधरवड्यात घराला रंग लावायला मोठी माणसं हो म्हणत नाहीत. पुठ्ठ्याला लावायला मात्र कुणाची हरकत नसते, तेव्हा राहिलेली कार्डं त्या दिवसांत उरकता येतात. २०२७ च्या नाशिकच्या सिंहस्थाला पाहुणे येणार म्हणून घर आवरायला काढलेल्यांनीही हाच क्रम धरावा. कार्डं आधी, पेंटर नंतर.

सुरुवात घरातूनच. जे बदलणार नाही त्याचे नमुने एका पिशवीत गोळा करा : फरशीचा उरलेला तुकडा, सोफ्याच्या कापडाची चिंधी, एखादा पडदा, मिळाला तर दाराच्या लॅमिनेटचा नमुना. भिंत चार-पाच वर्षांनी पुन्हा रंगवता येते, फरशी कुणी उखडत नाही. म्हणून रंग तिच्याशी जुळवायचा. कंपन्यांच्या शेडकार्डात हजारावर शेड असतात आणि दुकानातल्या ट्यूबखाली त्यातल्या निम्म्या आवडतात. मेन रोडवर साडी घेतलेली बाई मॅचिंगचा ब्लाऊजपीस बघायला दुकानाच्या पायरीवर उजेडात येते, तसं शेडकार्ड आणि फरशीचा तुकडा घेऊन बाहेर या. ट्यूबखाली तंतोतंत जुळलेले दोन रंग उन्हात फटकून दिसू शकतात, कारण दोघांतली रंगद्रव्यं वेगळी आणि ट्यूबच्या उजेडातलं रंगांचं मिश्रणही उन्हापेक्षा वेगळं. एका खोलीसाठी तीन, फार तर चार शेड निवडा. त्याहून जास्त आणल्या की घरात मतदान सुरू होतं.

डबी घेताना दुकानदाराला आधी दोन गोष्टी विचारा : सॅम्पलची छोटी डबी मिळेल का, आणि नसेल तर कमीत कमी किती रंग मशीनवर करून देता. अनेक ठिकाणी एक लिटरच्या खाली शेड बनवत नाहीत, आणि एकदा पांढऱ्या बेसमध्ये रंग पडला की डबा परत घेत नाहीत. एक लिटर घ्यावाच लागला तर त्यातली सगळ्यात खात्रीची शेड तेवढी घ्या. उरलेला रंग माळ्यावर नाहीतर स्टोअर रूममध्ये खपतो. डबी मात्र भिंतीला जो रंग लागणार आहे त्याचीच हवी. मॅट (बिनचकाकीचा) लावणार असाल तर मॅट, शीन (चकाकीचा) लावणार असाल तर शीन. शेडचा नंबर एकच असला तरी चकाकीचा रंग गडद आणि भडक वाटतो, मॅट जरा फिकट. एका कंपनीचा नंबर दुसऱ्या कंपनीच्या रंगात 'मॅच' करून घेतलात तर तो जवळपास येतो, तोच येत नाही.

बाकीचं सामान किरकोळ आहे. जाड ड्रॉइंग शीट किंवा माउंट बोर्ड, पाण्यात चालणारा पांढरा प्रायमर, चार इंची छोटा रोलर, दोन इंची ब्रश, बारीक पॉलिश पेपर, मास्किंग टेप, ढवळायला काडी, जुनी वर्तमानपत्रं आणि रंग ओतायला आइस्क्रीमचे रिकामे डबे. पातळ कार्डशीट घेऊ नका. खोक्याचा नळीदार पुठ्ठाही नको, त्याच्या रेघा रंगातून वर दिसतात. आकार साधारण ३० बाय ४२ सेंटिमीटर ठेवा, म्हणजे ए-३ कागदाएवढा. पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावरून हॉलची भिंत कळत नाही. २०० मिलीच्या डबीत अशी पाच-सहा कार्डं दोन हात देऊन होतात.

आता खरं काम. कोरा कागद रंगातलं पाणी पिऊन टाकतो आणि शेड डागाळ येते, म्हणून आधी प्रायमरचा एक हात द्या. भिंतीवर पुट्टी-प्रायमर असतो, तसाच आधार कार्डाला मिळाला पाहिजे. एकाच बाजूला रंग लावला की कागद वाळताना त्या बाजूकडे वळतो आणि कार्ड पापडासारखं उचलतं. तेव्हा प्रायमर दोन्ही बाजूंना लावा. मागची बाजू पांढरीच राहू द्या, ती लिहायला लागणार आहे. प्रायमर वाळला की पॉलिश पेपर हलकाच फिरवा, जोर नको. मग डबी तळापासून ढवळा. दुकानात मशीनवर हलवून दिलेली असली तरी घरी दोन दिवस राहिली की जड द्रव्य खाली बसतं, आणि वरवरच्या रंगाचं कार्ड फिकट येतं. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला. पेंटर भिंतीला रोलर वापरणार असेल तर कार्डालाही रोलरच लावा. ब्रशच्या रेघांत उजेड वेगळा अडकतो. दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावर द्या. साधारण चार तासांचं अंतर डब्यावर लिहिलेलं असतं, पण पावसाळी दमट हवेत रात्रभर ठेवलेलं बरं. दुसरा हात द्यायला आळस करू नका, एका हातात खालचा पांढरा डोकावतो आणि शेड असते तिच्यापेक्षा फिकी वाटते.

कार्डाला पांढरी किनार ठेवू नका. टेप लावून छान चौकट काढण्याचा मोह सगळ्यांना होतो, फोटोही सुरेख येतो, पण पांढऱ्या चौकटीत कुठलाही रंग गडद दिसतो आणि तुम्ही भीतीने एक पायरी फिकट शेड निवडता. कडेपासून कडेपर्यंत रंग लावा. मास्किंग टेप कार्ड खाली वर्तमानपत्राला धरून ठेवायला मागच्या बाजूने लावा. आणि ओल्या कार्डावरून काहीही ठरवू नका. इमल्शनमधला चिकट घटक ओला असताना दुधाळ असतो, वाळला की पारदर्शक होतो, म्हणून रंग वाळल्यावर बहुतेक वेळा गडद होतो. काल संध्याकाळी "अबोली अगदी हवी तशी आली" म्हणालेली माणसं सकाळी त्याच कार्डाला विटकरी म्हणतात.

मागे काय लिहायचं : कंपनी, रंगाचं नाव, शेडचा नंबर, मॅट की शीन, किती हात दिले, तारीख, आणि कुठल्या खोलीसाठी. डबीच्या झाकणावर मशीनने छापलेलं स्टिकर असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. मार्करची शाई पुढे झिरपते, तेव्हा पेन्सिल किंवा बॉलपेन वापरा. पुढच्या बाजूला काहीही लिहू नका. 'मोरपंखी' वाचलं की माणूस रंगाकडे बघतच नाही, नावावर भाळतो.

यानंतर कार्डं फिरवायची. रंग अर्धाअधिक उजेडच ठरवतो. कार्ड टेबलावर आडवं ठेवून बघू नका. त्यावर वरून जास्त उजेड पडतो, भिंतीवर तसा पडत नाही. भिंतीला टेकवून उभं धरा आणि पाच-सहा फुटांवरून बघा. छताला रंग द्यायचा असेल तर कार्ड डोक्यावर धरायला लावा; तिथे तोच रंग दोन पायऱ्या काळवंडतो. जुनी भिंत गुलाबी असेल तर राखाडी कार्ड तिच्यावर हिरवट दिसतं, तेव्हा मागे पांढरी चादर टांगा. पांढऱ्यावर कार्ड थोडं गडद दिसणार हे आलंच, पण निदान दुसरा रंग त्यात मिसळत नाही. दोन वाईटांत चादर बरी.

नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, आणि त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं. दिवाळीनंतर तो दक्षिणेला बराच कललेला असतो, दुपारचं ऊन दक्षिणेच्या खिडकीतून पार सोफ्यापर्यंत पोचतं. म्हणजे श्रावणातल्या ढगाळ उजेडात राखाडी वाटलेली दक्षिणेच्या खोलीतली भिंत डिसेंबरात पिवळसर वाटेल. यावर तोडगा एकच, ऊन पडेल त्या दिवशी कार्ड पुन्हा बाहेर काढायचं. पश्चिमेच्या खोलीचं कार्ड दुपारी चारला बघा, पूर्वेच्या बेडरूमचं सकाळी आठच्या आत. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात मधल्या खोलीला खिडकीच नसते, तिथे दिवसाचं बघायचं कारणच नाही. अशा खोलीसाठी शेडच्या माहितीत एलआरव्हीचा, म्हणजे रंग किती उजेड परतवतो त्याचा, आकडा दिलेला असला तर तो बघा. ० म्हणजे सगळा उजेड गिळणारा काळा, १०० म्हणजे सगळा परतवणारा पांढरा. अंधाऱ्या खोलीला साठाच्या वरचा आकडा बरा.

खिडकीबाहेर काय आहे तेही बघा. सिडको-इंदिरानगरकडे शेजारची इमारत हाताच्या अंतरावर असते, आणि ती केशरी असली तर तुमची पांढरी भिंतसुद्धा संध्याकाळी केशरी. समोरच्या गच्चीवर पावसाळ्यापुरती निळी ताडपत्री टाकलेली असेल तर कार्डावर तिची निळी झाक पडते. दिवाळीपर्यंत ती निघेल की राहील हे शेजाऱ्यांना विचारायला लाजू नका. कडुनिंब, गुलमोहर खोलीत हिरवट उजेड पाठवतात, त्यांना कुणी काही विचारत नाही.

रात्री दिवे लावून एकदा बघाच, आणि तेच दिवे लावून जे पुढेही राहणार आहेत. एलईडीच्या खोक्यावर ३००० के लिहिलेला पिवळसर, ६५०० के लिहिलेला निळसर पांढरा. पिवळसर दिव्यात निळे-राखाडी मरगळतात, बदामी खुलतो; निळसर दिव्यात उलटं. रंगाचं ठरवून नंतर दिवे बदलणारी घरं भरपूर असतात. दिवे आधी.

निवडायला बसाल तेव्हा सगळी कार्डं एकदम मांडू नका. एकामागोमाग एक दाखवा, मधे थोडा वेळ जाऊ द्या. दोन शेडवर घर अडलं असेल तर फिकट, थोडी राखाडीकडे झुकलेली शेड घ्या. चारही भिंती रंगल्या की त्या एकमेकींवर उजेड फेकतात आणि रंग कार्डापेक्षा भरदार होतो. आईंना किंवा सासूबाईंना विचारायचं असेल तर आधीच विचारा, पेंटर आल्यावर नव्हे.

रंगाचा मोठा डबा आला की पेंटरदादांना भिंत लगेच सुरू करू देऊ नका. "दादा, आधी कार्डाशेजारी हातभर पट्टा मारा, वाळला की बघू" एवढं सांगा. दोन डब्यांत किंचित फरक पडू शकतो, म्हणून एका खोलीचे सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र करून घ्यायला सांगा. वाळलेला पट्टा कार्डाशी जुळला नाही तर कार्ड आणि डब्याचं स्टिकर घेऊन दुकानात जा. मागे नंबर, तारीख, सगळं लिहिलेलं आहे, बोलणं लवकर संपतं. जुळला तर कार्डाची एक पट्टी कापून बिलासोबत फाइलला लावा. पुढच्या वर्षी स्विचबोर्डाशेजारचे हाताचे काळे डाग पुसताना रंग निघाला की तीच पट्टी घेऊन जायचं.