मंडळाची बडीप्रेस साइट: बिघाड कसा शोधावा आणि बदल कुठे करावेत

महाराष्ट्र मंडळ, माजी विद्यार्थी संघ किंवा एखादी सहकारी गृहनिर्माण संस्था यांना सदस्यांची यादी, गट आणि आपापसांत बोलायची जागा एकत्र हवी असेल, तर वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर बडीप्रेस हे प्लगइन (जोड-प्रोग्राम) टाकणं हा कमी खर्चाचा मार्ग आहे. दोन्ही मोफत आहेत आणि बडीप्रेस २००९ पासून चालू आहे. अडचण वेगळीच असते. अशा साइटवर हळूहळू पंधरा-वीस प्लगइन्स जमतात, प्रत्येकाचा कर्ता वेगळा असतो आणि काही बंद पडलं की दोष नेमका कुणाचा हे पडद्यावर दिसत नाही. मग कार्यकारिणीतला जो कुणी साइट बघतो तो एकदम चार गोष्टी बदलतो आणि बिघाड आणखी गुंततो. एका वेळी एकच बदल करा, आणि तोही साइटच्या प्रतीवर. पुढचं सगळं याच शिस्तीवर अवलंबून आहे.

आधी प्रत काढा

बॅकअपमध्ये दोन गोष्टी हव्यात: पूर्ण डेटाबेस आणि 'डब्ल्यूपी-कंटेंट' हा फोल्डर. वर्डप्रेसच्या मूळ फाइली केव्हाही पुन्हा मिळतात, सदस्यांनी टाकलेले फोटो मात्र मिळत नाहीत. होस्टिंगमध्ये 'स्टेजिंग' (चाचणीसाठी प्रत काढायची सोय) असेल तर एका क्लिकवर प्रत तयार होते. या प्रतीवरची ईमेल पाठवण्याची सोय लगेच बंद करा. प्रतीमध्ये खऱ्या सदस्यांचे खरे पत्ते असतात, त्यामुळे तुम्ही एखादी चाचणी केलीत की साडेतीनशे लोकांच्या इनबॉक्समध्ये 'तुम्हाला नवा संदेश आला आहे' असं पत्र जाऊन पडतं. प्रतीला पासवर्ड लावा, म्हणजे गूगल तिची नोंद घेणार नाही.

बिघाड कुणाला दिसतो?

प्लगइन्सना हात लावण्याआधी तीन ठिकाणी पाहा: लॉग-इन केलेल्या ब्राउझरमध्ये, खासगी विंडोमध्ये आणि मोबाइल डेटावर. फक्त लॉग-इन नसलेल्यांना जुनं पान दिसत असेल तर दोष कॅशचा, म्हणजे वेगासाठी साठवून ठेवलेल्या पानांचा. एकाच सदस्याला त्रास होत असेल तर त्याच्या खात्यात किंवा त्याच्या ब्राउझरमध्ये पाहा. सगळ्यांना आणि सगळीकडे दिसत असेल तरच प्लगइन किंवा थीमकडे (साइटच्या रंगरूपाकडे) वळा.

'पान सापडलं नाही' असं येत असेल तर सेटिंग्जमधल्या पर्मालिंक्सच्या (पानांच्या पत्त्यांच्या) पानावर जाऊन काहीही न बदलता फक्त 'सेव्ह' दाबा. त्याने पत्त्यांचे नियम नव्याने लिहिले जातात आणि बऱ्याचदा तेवढ्यावर काम भागतं. तरीही सदस्य किंवा गटांची पानं उघडत नसतील तर बडीप्रेसची आवृत्ती पाहा. १२.० मध्ये पत्ते बनवण्याची पद्धत मुळापासून बदलली. जुन्या थीम आणि जुनी पूरक प्लगइन्स अजून आधीच्या पद्धतीने दुवे बनवतात. त्यांच्यासाठी बडीप्रेसच्याच मंडळींनी 'बीपी क्लासिक' हे वेगळं प्लगइन काढलं आहे. ते लावा, आणि ती जुनी प्लगइन्स अपडेट होईपर्यंत किंवा बदलून घेईपर्यंत राहू द्या.

प्लगइनचा संशय असेल तर 'हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग' हे प्लगइन घाला. त्याचा ट्रबलशूटिंग मोड चालू केला की सगळी प्लगइन्स बंद आणि साधी थीम चालू, अशी साइट फक्त तुम्हाला दिसते. बाकी सदस्यांना काहीच जाणवत नाही. मग आधी बडीप्रेस चालू करा आणि नंतर उरलेली प्लगइन्स निम्मी-निम्मी. एकेक करत बसू नका. चोवीस प्लगइन्स असतील तर बारा, सहा, तीन अशा निम्म्याने पाचेक फेऱ्यांत दोषी सापडतं. होस्टिंगच्या पातळीवरचा कॅश मात्र या मोडने बंद होत नाही, तो वेगळा रिकामा करावा लागतो.

ॲडमिनमध्येच जाता येत नसेल तर आधी ॲडमिनच्या ईमेलमध्ये पाहा. वर्डप्रेस ५.२ पासून जीवघेणी चूक ('फेटल एरर') झाली की रिकव्हरी मोडचा दुवा तिथे येतो. तोही आला नसेल तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून संशयित प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला. फोल्डर सापडला नाही की वर्डप्रेस ते प्लगइन आपोआप बंद करतं. त्याची सेटिंग्ज डेटाबेसमध्ये असतात, ती जात नाहीत.

चुकांची नोंदवही

अंदाज बांधण्यापेक्षा नोंद वाचा. 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' फाइलमध्ये, 'स्टॉप एडिटिंग' असं लिहिलेल्या ओळीच्या वर, तीन व्याख्या लागतात: डब्ल्यूपी_डीबग आणि डब्ल्यूपी_डीबग_लॉग या दोन्हींना 'ट्रू', आणि डब्ल्यूपी_डीबग_डिस्प्लेला 'फॉल्स'. फाइलमध्ये ही नावं रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत आणि अंडरस्कोअरसह जातात. तिसरी ओळ विसरलात तर चुका सदस्यांच्या पडद्यावर छापल्या जातात. आता बिघाड पुन्हा घडवून आणा आणि 'डब्ल्यूपी-कंटेंट'मधली 'डीबग' नावाची लॉग फाइल उघडा. 'वॉर्निंग' आणि 'डेप्रिकेटेड' अशा शेकडो ओळी असतील, त्यांच्याकडे सध्या दुर्लक्ष करा. 'फेटल एरर' शोधा.

त्या ओळीत फाइलचा मार्ग असतो आणि 'प्लगइन्स' या शब्दानंतर प्लगइनच्या फोल्डरचं नाव येतं. गाडी तिथे अडली एवढंच त्यावरून कळतं, कारण दुसरीकडे असू शकतं. समजा 'कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन' असं म्हटलंय आणि फंक्शनचं नाव 'ग्रुप्स'ने सुरू होतंय. मग पूरक प्लगइन बहुधा ठीक आहे, कुणीतरी बडीप्रेसच्या कंपोनंट्समधून (चालू-बंद करता येणाऱ्या भागांतून) 'यूजर ग्रुप्स'ची खूण काढली आहे. 'अलाउड मेमरी साइझ' असं आलं तर मेमरी कमी पडते आहे. वर्डप्रेस साध्या साइटसाठी ४० एमबी धरतं. बडीप्रेस आणि दहा-बारा प्लगइन्सना ते पुरत नाही, २५६ एमबी मागा.

काम झालं की नोंद बंद करा आणि लॉग फाइल पुसा. तिचा पत्ता माहीत असणारा कुणीही ती ब्राउझरमध्ये उघडून वाचू शकतो.

खातं चालू करण्याचं पत्र येत नाही

सगळ्यांत जास्त तक्रारी याच्या येतात, आणि नव्या सदस्याचा पहिला अनुभव हाच असतो. म्हणून इथे घाई करू नका.

ॲडमिनच्या यूजर्स पानावर 'पेंडिंग' हा टॅब उघडा. ज्यांनी नोंदणी केली पण खातं चालू झालं नाही, ते सगळे इथे दिसतात. शेवटचं पत्र कधी गेलं आणि आजवर किती वेळा गेलं, हेही तिथेच कळतं. आकडा वाढतोय पण पत्र पोहोचत नाही, म्हणजे बडीप्रेसने आपलं काम केलं आहे आणि अडचण टपालाच्या वाटेत आहे. गरजू सदस्याला इथूनच हाताने चालू करून द्या, म्हणजे तो ताटकळणार नाही.

वर्डप्रेस मुळात सर्व्हरच्या साध्या मेल सोयीने पत्रं पाठवतं आणि पाठवणाऱ्याचा पत्ता 'वर्डप्रेस ॲट तुमचं डोमेन' असा घालतं. असा मेलबॉक्स बहुतेक वेळा अस्तित्वातच नसतो. त्यामुळे डोमेनवर खरा मेलबॉक्स उघडा, एखादं एसएमटीपी प्लगइन (खऱ्या मेलबॉक्समधून पत्र पाठवणारं) घाला आणि त्यात तो पत्ता द्या: टीएलएस असेल तर पोर्ट ५८७, एसएसएल असेल तर ४६५. मंडळाचा जीमेल पत्ता 'प्रेषक' म्हणून घालून पत्र मात्र स्वतःच्या सर्व्हरवरून पाठवू नका. ती पत्रं खोट्या प्रेषकाची समजली जातात.

मग डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींच्या यादीत) एसपीएफ, म्हणजे तुमच्या नावाने कोणते सर्व्हर पत्रं पाठवू शकतात ते, आणि डीकेआयएम, म्हणजे पत्रावरची डिजिटल सही, या नोंदी करा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक प्रेषकाकडे यांपैकी किमान एक मागतं, आणि दिवसाला ५,००० हून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांकडे दोन्ही, शिवाय डीमार्क (तपासणीत नापास झालेल्या पत्रांचं काय करायचं ते सांगणारी नोंद). लहान मंडळानेही तिन्ही कराव्यात. एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच असते. होस्टिंगची एक आणि ईमेल सेवेची दुसरी अशा दोन केल्यात की दोन्ही निकामी होतात. दोन्ही पत्ते एकाच ओळीत बसवा. काही तासांनी स्वतःच्या जीमेलवर चाचणीचं पत्र पाठवा आणि मेनूतून 'ओरिजिनल' उघडा. तिन्ही नावांपुढे 'पास' दिसलं पाहिजे.

'पेंडिंग'मधून पुन्हा पाठवूनही पत्र निघतच नसेल तर ॲडमिनमधला 'ईमेल्स' विभाग पाहा. बडीप्रेसच्या प्रत्येक पत्राचा मसुदा तिथे असतो आणि उजवीकडे 'सिच्युएशन'ची खूण असते. मराठी मजकूर घालताना कुणाकडून ती खूण निघाली की बडीप्रेसला मसुदा सापडत नाही. महिरपी कंसांतला मजकूरही जसाच्या तसा ठेवा. आतला शब्द मराठीत लिहिला, तर सदस्याला दुवाच मिळत नाही. शिवाय प्रत्येक मसुद्याचा साधा, सजावट नसलेला मजकूर 'एक्सर्प्ट'च्या चौकटीत वेगळा असतो, तोही बदलायचा असतो. सगळंच बिघडलं असेल तर टूल्समध्ये बडीप्रेसखाली 'रीइन्स्टॉल ईमेल्स' आहे. त्याने तुमचे सगळे मसुदे पुसून मूळचे इंग्रजी येतात, त्यामुळे आधी मजकूर उतरवून ठेवा.

कॅश

एका सदस्याला दुसऱ्याचं नाव किंवा दुसऱ्याचे संदेश दिसले, तर कारण शोधत बसू नका. कॅश त्या क्षणी पूर्ण बंद करा. लॉग-इन केलेल्या माणसाचं पान साठवून दुसऱ्याला दाखवलं गेलं आहे, आणि हा खासगीपणाचा गंभीर भंग आहे. क्लाउडफ्लेअरवर 'सगळं कॅश करा' असा नियम घातल्याने बहुधा हे घडतं. लॉग-इनची कुकी असेल तर कॅश टाळावा असा नियम हवा, आणि सदस्य, गट, ॲक्टिव्हिटी, नोंदणी व खातं चालू करण्याचं पान ही पाचही पानं कॅशमधून वगळलेली हवीत. कॅशचं प्लगइन एकच ठेवा.

'पोस्ट' दाबून काहीच होत नसेल तर संगणकावर एफ१२ दाबून कन्सोल पाहा. तिथे लाल ओळी असतील तर जावास्क्रिप्ट एकत्र करण्याचा किंवा उशिरा आणण्याचा पर्याय बंद करून पाहा. नेटवर्कच्या टॅबमध्ये ४०३ (प्रवेश नाकारला) दिसत असेल तर होस्टिंगची फायरवॉल अडवते आहे. नेमकी वेळ आणि पत्ता देऊन त्यांना कळवा.

मराठी साइटच्या खास अडचणी

यूजरनेममध्ये देवनागरी चालत नाही, वर्डप्रेस ती अक्षरं नाकारतं. नोंदणीच्या पानावर हे ठळकपणे लिहा आणि 'नाव' या प्रोफाइलच्या रकान्यात मराठी नाव घालायला सांगा.

गटांच्या पत्त्यांची गोष्ट अधिक त्रासाची आहे. पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या खुणांसह नऊ वर्णांचं होतं. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात, आणि मर्यादा २०० वर्णांची आहे. म्हणजे बावीस चिन्हं. 'गणेशोत्सव सांस्कृतिक समिती' यात चोवीस चिन्हं आहेत, म्हणून पत्ता 'समिती'च्या आतच तुटतो. शिवाय व्हॉट्सॲपवर तो दुवा टक्क्यांची लांबच लांब ओळ होऊन जातो. गटाचं नाव मराठीतच ठेवा. ॲडमिनच्या ग्रुप्स विभागात तो गट उघडून फक्त पर्मालिंक रोमन लिपीत छोटा करा, आणि हे गट जाहीर करण्याआधी करा, कारण नंतर बदललात तर आधी पाठवलेले दुवे मरतात.

इमोजी असलेली पोस्टच जतन होत नसेल तर डेटाबेस जुना आहे. देवनागरी तीन बाइट्सची, इमोजी चार बाइट्सचा, आणि जुन्या 'यूटीएफ८' तक्त्यांत चार बाइट्स मावत नाहीत. होस्टिंगवाल्यांकडून तक्ते 'यूटीएफ८एमबी४'मध्ये बदलून घ्या, अर्थात बॅकअप काढून.

अक्षरांसाठी 'मुक्त' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हा फाँट घ्या आणि ओळींची उंची १.६ ठेवा. इंग्रजीसाठी बनवलेल्या थीममध्ये मथळ्यांची उंची १.२ असते, त्यात वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर, म्हणजे 'लेटर-स्पेसिंग', शून्य करा. नाहीतर शिरोरेषा तुटते.

बडीप्रेसचे इंग्रजीत उरलेले शब्द 'लोको ट्रान्सलेट'ने मराठीत करता येतात. फाइल कुठे ठेवायची असं विचारलं की 'कस्टम' निवडा, बाकीच्या जागा अपडेटमध्ये पुसल्या जाऊ शकतात.

बदल कुठे करावेत

प्लगइनच्या फोल्डरमधल्या फाइलमध्ये एक अक्षरही बदलू नका, पुढच्या अपडेटला ते जातं. बडीप्रेसने त्यासाठी दोन जागा दिल्या आहेत. मांडणी बदलायची असेल तर चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर आधारलेल्या, तुमचे बदल ठेवणाऱ्या थीममध्ये) 'बडीप्रेस' नावाचा फोल्डर करा. बडीप्रेसच्या 'बीपी-टेम्प्लेट्स'मध्ये 'बीपी-नूव्हो' आणि त्यात पुन्हा 'बडीप्रेस' असा फोल्डर आहे. तिथून हवी तेवढीच फाइल त्याच उपफोल्डरच्या नावासह इकडे आणा. सदस्यांच्या यादीत नावाखाली गाव दाखवायचं असेल तर 'मेंबर्स' फोल्डरातली 'मेंबर्स-लूप' ही एकच फाइल पुरते. सगळाच्या सगळा फोल्डर उचलून आणलात तर पुढच्या आवृत्तीतल्या दुरुस्त्या तुमच्यापर्यंत पोहोचणार नाहीत. लहानसहान कोडसाठी 'प्लगइन्स' फोल्डरमध्ये थेट 'बीपी-कस्टम' नावाची पीएचपी फाइल ठेवा, बडीप्रेस ती स्वतः उचलतं. तिच्यात एक अर्धविराम राहिला तरी साइट बंद पडू शकते, म्हणून ती बदलताना फाइल मॅनेजर दुसऱ्या टॅबमध्ये उघडा ठेवा.

पण बरंच काही कोडशिवाय होतं. जे कंपोनंट्स वापरात नाहीत ते बंद करा. लहान मंडळात 'फ्रेंड कनेक्शन्स'ची गरज क्वचितच असते. बडीप्रेसच्या 'ऑप्शन्स'मध्ये १२.० पासून सगळं फक्त सदस्यांनाच दिसावं अशी सोय आहे, ती वापरा. खुली नोंदणी बंद ठेवून त्याच पानावरून सदस्यत्वाचे अर्ज सुरू केलेत तर यंत्राने केलेल्या खोट्या नोंदण्या तुमच्या मंजुरीपाशीच अडतात.

फोन नंबर आणि पत्त्याच्या रकान्यांसाठी दृश्यता 'ओन्ली मी' किंवा 'ऑल मेंबर्स' ठेवा आणि ती सदस्याला बदलता येणार नाही असं ठरवा. आणि एक्सेलमधून जुने सदस्य आयात केल्यावर ते यादीत दिसले नाहीत तर पुन्हा आयात करू नका. 'सक्रिय' क्रमाच्या यादीत माणूस पहिल्यांदा लॉग-इन केल्यावरच येतो. त्यांना पासवर्ड ठरवण्याचा दुवा पाठवा.