शहरांची चित्रं असलेली हस्तकलेची घड्याळं: घेताना, वापरताना आणि दुरुस्तीला देताना या चुका टाळा

रात्रीचं पॅरिस, वरून दिसणारं न्यूयॉर्क, जिनिव्हाचं सरोवर. अशी चित्रं हाताने घडवलेल्या महागड्या घड्याळात खरं तर दोन वेगळ्या वस्तू एकत्र असतात. आतलं यंत्र बिघडलं तर सुटे भाग मिळतात. नाही मिळाले तर कसलेला घड्याळजी ते घडवून देतो. वरची तबकडी एकदा तडकली की तशीच दुसरी मिळत नाही, कारण त्याच कारागिराच्या हातून, त्याच भट्टीतूनही तंतोतंत तीच छटा पुन्हा निघत नाही. पुढच्या बहुतेक चुका घड्याळाला नुसतं यंत्र समजल्यामुळे होतात. आधी तबकडी सांभाळा, यंत्राचं नंतर बघता येतं.

एनॅमल समजून रेझिन घेणं

खरं एनॅमल, म्हणजे मीना, ही काच असते. सिलिका आणि धातूंची ऑक्साइडं यांची बारीक पूड सोन्याच्या, चांदीच्या किंवा तांब्याच्या चकतीवर पसरतात आणि साधारण ८०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळवतात. एक थर, एक भाजणी. मग पुढचा रंग, पुन्हा भट्टी. याला ग्राँ फ्यू म्हणतात. ‘कोल्ड एनॅमल’ म्हणून जे विकलं जातं ते रेझिन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक असतं. त्याला ही भट्टी लागत नाही, ते काचेपेक्षा पुष्कळ मऊ असतं आणि सहज ओरखडतं. रेझिन वाईट असं नाही, पण मीन्याच्या भावाने ते घेऊ नये. विक्रेत्याने नुसतं ‘एनॅमल’ लिहिलं असेल तर तीन गोष्टी लेखी मागा: भट्टीत भाजलंय का, कोणत्या धातूवर, आणि चित्र कोणत्या तंत्राने केलंय.

तंत्र भिंगातून कळतं. १० पट मोठं दाखवणारं भिंग आणि एका बाजूने तिरका पडणारा प्रकाश एवढं पुरे. क्लुआझोने कामात इमारतींच्या, पुलांच्या, नदीच्या कडा ०.१ मिलिमीटरहूनही बारीक सोन्याच्या तारेने आखलेल्या असतात आणि मधल्या कप्प्यांत मीना भरलेला असतो. तार हाताने वाकवलेली असल्यामुळे कोपऱ्यांत दोन टोकं जुळतात तिथे बारीकसा सांधा दिसतो, वळणं अगदी एकसारखी नसतात. सगळ्या सोनेरी रेघा काटेकोर एकाच जाडीच्या आणि सांध्याविना असतील तर त्या छापलेल्या किंवा ठशाने उठवलेल्या असण्याचीच शक्यता जास्त. शाँलवेमध्ये मुळात धातूच कोरून खड्डे केलेले असतात, त्यामुळे कप्प्यांच्या भिंती आणि तळ एकाच धातूचे दिसतात. मिनिएचर चित्रकारीत ब्रशचे फटकारे दिसतात आणि दोन खिडक्या कधीच हुबेहूब सारख्या नसतात. रंग भिंगाखाली ठिपक्याठिपक्यांत फुटला तर ते छापील चित्र आहे, मग दर्शनी भाग कितीही देखणा असो.

काट्यांच्या मधल्या भोकाची कड दिसत असेल तर तीही बघा. वितळलेली काच कडेला किंचित गोलाई घेऊन खाली उतरते. छापील तबकडीची कड बहुधा सरळ कापलेली असते.

दोन प्रसिद्ध उदाहरणं शेजारी ठेवली की ‘शहराची तबकडी’ हा एकच प्रकार नाही हे लक्षात येतं. व्हॅशरॉन कॉन्स्टंटाँ या स्विस घड्याळ कंपनीच्या व्हील ल्युमिएर मालिकेत शाँलवे एनॅमलच्या तळावर सोनं, मोती, हिरे यांची पूड कणाकणाने हाताने लावून शहराचे रात्रीचे दिवे उभे केले आहेत. हे काम योको इमाई या जपानी कलाकार करतात. व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या फ्रेंच दागिने कंपनीच्या २०१० च्या पाँ दे झामूरो या घड्याळात पॅरिसचा पूल करड्या छटांच्या ग्रिझाय एनॅमलमध्ये आहे आणि पुलावरची दोन माणसंच तास आणि मिनिटं दाखवतात. पहिल्या प्रकारात वरून बसवलेल्या कणांची काळजी घ्यायची. दुसऱ्यात सरकणाऱ्या आकृती तबकडीला घासत नाहीत ना, हे बघायचं. कशाने बनलंय हे माहीत नसेल तर काय जपायचं हेही कळत नाही.

टाचणीच्या टोकाएवढ्या खड्ड्याला घाबरणं आणि केसाएवढ्या भेगेकडे दुर्लक्ष करणं

भाजलेल्या मीन्यात एखादा सूक्ष्म बुडबुडा, किंचित लहर, पूड चाळतानाचा एखादा काळा कण सापडू शकतो. डोळ्यांना हातभर अंतरावरून दिसत नसेल तर तो दोष मानू नका. भेग ही वेगळी गोष्ट आहे. काच दाब उत्तम सोसते, वाक सोसत नाही. धातू आणि काच थंड होताना वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, म्हणून चकती वाकू नये यासाठी मागच्या बाजूलाही मीना देतात. तरीही कुठे वाकवणारा ताण आला की तिथे भेग जाते, आणि या जागा ठरलेल्या आहेत: मधलं भोक, तबकडी यंत्रावर बसवणाऱ्या पायांच्या वरचा भाग, आणि तारखेच्या खिडकीचे कोपरे.

वापरलेलं घड्याळ घेताना नेमक्या या तीन जागांचे, तिरक्या प्रकाशातले जवळचे फोटो मागा. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत केसाएवढी भेग हमखास लपते. अंधारात अतिनील टॉर्च मारून बघता आलं तर फार बरं: भेग रेझिनने भरून वर रंग दिला असेल तर तो भाग बहुधा आजूबाजूच्या काचेपेक्षा वेगळा चमकतो. भरलेली भेग लपवून विकणं ही लबाडीच. सांगून, भाव कमी करून विकणं हा सरळ व्यवहार.

आपल्या आवडीचं शहर घडवून घेताना

दिसणारी तबकडी जेमतेम ३३ ते ३६ मिलिमीटरची असते. त्यात अख्खी आकाशरेषा बसवायची तर एकेक इमारत मिलिमीटर-दोन मिलिमीटरची होते. फोटो देऊन ‘असंच करा’ म्हणणं ही इथली सर्वांत मोठी चूक आहे. आधी खऱ्या मापाचं रेखाचित्र मागा आणि त्यावर मधलं भोक कुठे येतं ते तपासा. मनोऱ्याच्या किंवा घुमटाच्या मधोमध भोक आलं की चित्र मेलंच. मग काटे वेगवेगळ्या वेळांना काय झाकतात ते कागदी काटे ठेवून बघा.

रंग कागदावर किंवा पडद्यावर ठरवू नका. त्याच धातूवर भाजलेली नमुनापट्टी मागा. पारदर्शक निळा-हिरवा चांदीवर सुरेख उठतो, पण लाल-गुलाबी छटा चांदीशी प्रतिक्रिया होऊन पिवळट-तपकिरी पडू शकतात, म्हणून मध्ये रंगहीन काचेचा थर द्यावा लागतो किंवा सोन्याचा आधार घ्यावा लागतो. शेवटच्या भाजणीतही चकती फुटू शकते, त्यामुळे मुदतीत पुन्हा पहिल्यापासून करण्याची जागा ठेवा. वाढदिवसाच्या आदल्या आठवड्याची तारीख देऊन कारागिराला घाई करणं तबकडीच्या मुळावर येतं.

जागतिक वेळेची कडी चुकीची लावणं

शहरांच्या नावांची कडी असलेली, म्हणजे एकाच वेळी अनेक शहरांतली वेळ दाखवणारी घड्याळं लुई कॉटिए या जिनिव्हाच्या घड्याळजींनी १९३१ मध्ये रचलेल्या यंत्रणेच्या वंशातली. पाटेक फिलिपच्या २००८ च्या ५१३१ सारख्या मॉडेलमध्ये या कडीच्या मध्यभागी क्लुआझोनेचा नकाशा असतो. या घड्याळांच्या ‘वेळ चुकते’ अशा तक्रारींमागे पुष्कळदा लावण्याची चूक असते, यंत्राची नसते.

प्रचलित रचनेत क्रम असा: बटण दाबून आपल्या टाइम झोनचं शहर १२ च्या जागी आणा, मग क्राऊन (वेळ लावायची बाजूची गुंडी) ओढून काटे स्थानिक वेळेला लावा, आणि २४ तासांच्या कडीवर दिवस-रात्र बरोबर आहे का ते बघा. भर दुपारी कडीवर रात्र दिसत असेल तर काटे आणखी १२ तास पुढे न्या. बटण पूर्ण खोलवर, एका झटक्यात दाबायचं. अर्धवट दाबलं की कडी दोन शहरांच्या मध्ये अडकते. तसं झालं तर जोर न लावता पुन्हा एकदा पूर्ण दाबा. क्राऊन ओढलेला असताना बटण दाबू नका. तारीख असेल तर रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तिला हात लावू नका, कारण तेव्हा तारखेचे दाते आधीच गुंतलेले असतात.

खरा घोळ उन्हाळी वेळेचा. कडीवरची नावं प्रमाणवेळेवर बसवलेली असतात. जुलैत लंडनमध्ये दुपारचे ३ वाजलेत आणि तुम्ही लंडन १२ वर ठेवून ३ लावलेत, तर टोकियो मध्यरात्र दाखवेल. प्रत्यक्षात तिथे रात्रीचे ११ वाजलेले असतात. उन्हाळी वेळ न पाळणारं प्रत्येक शहर असंच एक तास पुढे दिसतं. उपाय सोपा आहे: उन्हाळी वेळ चालू असताना पूर्वेकडचं शेजारचं नाव वापरा, म्हणजे लंडनसाठी पॅरिस १२ वर आणा. मग प्रमाणवेळेवरची शहरं बरोबर वाचता येतात आणि उन्हाळी वेळ पाळणाऱ्या शहरांत तेवढा एक तास मिळवायचा.

जुनं घड्याळ असेल तर ते बनलं कधी हेही बघा. मॉस्को २०११ ते २०१४ या काळात यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, ४ तास पुढे होतं, आता ३ तास पुढे आहे. सामोआने २०११ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून ३० डिसेंबर हा दिवसच गाळला. कडीवर ही नावं जुन्या वेळेच्या जागी असतील तर ती वाचायची नाहीत, बस. बिघाड समजून कडी बदलून घेतलीत तर मूळ भाग जातो आणि घड्याळाचं मोलही घटतं. काठमांडू (यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटं पुढे) किंवा ॲडलेड (साडेनऊ तास पुढे) यांसारख्या वेळा २४ शहरांच्या कडीवर बसतच नाहीत. त्यासाठी ३७ टाइम झोन दाखवणारी रचना लागते, तशी व्हॅशरॉनने केलेली आहे.

पाणी, ऊन, पेटी

मागच्या झाकणावरचे ३० मीटर म्हणजे ३० मीटर पोहणं नव्हे. तो प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा आकडा आहे. हात धुताना उडणारं पाणी एवढीच त्याची मजल समजा. गरम पाण्याची वाफ आणि लगेच थंड पाणी हे रबरी सीलसाठी विशेष वाईट. सील वर्षातून एकदा तपासून घ्या.

भाजलेल्या मीन्याचा रंग उन्हाने उडत नाही, कारण रंग काचेतच विरघळलेला असतो. जपानी उरुशी लाख, हाताने रंगवलेलं चित्र, पिसांचं काम यांना मात्र दीर्घकाळचं ऊन सोसत नाही. शिंपल्याच्या तबकडीसाठी ओक लाकडाची बंद पेटी टाळा: ओकमधून निघणारी ॲसिटिक आम्लाची वाफ शिंपल्यातलं कॅल्शियम कार्बोनेट हळूहळू खाते. चांदीच्या तबकडीजवळ रबर किंवा लोकरीचं अस्तर नको, त्यातलं गंधक चांदी काळवंडवतं.

दुरुस्तीला देताना गप्प बसणं

मीन्याच्या तबकड्यांचं बरंचसं नुकसान दुरुस्तीच्या टेबलावर होतं. काटे बसवताना वरून दाब येतो आणि खाली नीट आधार नसेल तर मधल्या भोकापासून भेग जाते. पायांचे स्क्रू जरा जास्त आवळले की चकती वाकते, काच तडकते. काटे उपसताना लिव्हर थेट तबकडीवर टेकवला तरी तेच. म्हणून घड्याळ देताना पावतीवर लिहून घ्या: तबकडी भाजलेल्या मीन्याची आहे, ती धुवायची, पुसायची, पॉलिश करायची नाही, काटे काढताना खाली संरक्षक प्लास्टिक घालायचं, तबकडी काढल्यावर झाकणाच्या डबीत ठेवायची, आणि मालकाच्या लेखी परवानगीशिवाय तबकडी किंवा काटे बदलायचे नाहीत. देण्याआधी तिरक्या प्रकाशातले फोटो काढा, परत घेताना तिथेच भिंगाने जुळवून पाहा. अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या) यंत्रात घड्याळ किंवा तबकडी घालू देऊ नका. हे सांगायला संकोच वाटत असेल तर तो बाजूला ठेवा; चांगल्या घड्याळजीला अशा सूचनांचा राग येत नाही.

ही लक्षणं दिसली तर

घड्याळ रोज साधारण एकाच वेळेला थांबतं: काटा उठावाच्या कामाला, म्हणजे एखाद्या मनोऱ्याच्या टोकाला किंवा वर आलेल्या तारेला, नाहीतर दुसऱ्या काट्याला अडतोय. थांबलेली वेळ दोन-तीन दिवस लिहून ठेवा आणि ती घड्याळजीला दाखवा; अडण्याची जागा लगेच सापडते. तसंच चालवत राहिलं तर काटा चित्रावर ओरखडा काढतो.

अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे जायला लागलं: चुंबकत्व असण्याची शक्यता सर्वाधिक. स्पीकर, बॅगेचं चुंबकी बटण, टॅबलेटचं झाकण यांपासून दूर ठेवा. डीमॅग्नेटायझर, म्हणजे चुंबकत्व घालवणारं यंत्र, फिरवणं काही सेकंदांचं काम आहे आणि त्यासाठी घड्याळ उघडावं लागत नाही. कोणी लगेच पूर्ण सर्व्हिस सुचवली तर आधी एवढं करून घ्या.

काचेच्या आतून वाफ: क्राऊन दाबलेला आहे ना ते बघा आणि तो पुन्हा ओढू नका. हेअर ड्रायर, तांदळाचा डबा, ऊन यांतलं काही करू नका. उष्णतेने वाफ आणखी आत, यंत्रापर्यंत जाते. त्याच दिवशी उघडून घ्या.

तबकडीवर सुटा चमकता कण फिरताना दिसला: तो मीन्याची कपची, धातूची पूड किंवा काट्याच्या रंगाचा तुकडा असू शकतो. घड्याळ हातातून काढा, आपोआप चालणारं असेल तर हलवू नका, तबकडी वर ठेवून आडवं ठेवा आणि तसंच घेऊन जा. काचेवर टिचकी मारून कण कडेला सरकवण्याचा मोह होतो; त्याने तो मधल्या भोकातून यंत्रात जाऊ शकतो. उघडल्यावर सापडलेला कण लहान डबीत मागून घ्या. तो कुठून निखळला हे त्याच्या रंगावरून आणि जाडीवरून कळतं, आणि कधी कधी तोच तुकडा पुन्हा बसवता येतो.